बरणीमामांचं अक्षर

कागदोपत्री ते शेवटपर्यंत शिपाईच होते, पण आमच्या शाळेची प्रयोगशाळा त्यांच्यावाचून एक दिवस चालली नसती. मुलं त्यांना बरणीमामा म्हणत. मागच्या भिंतीशी एक लांब कपाट होतं आणि त्यातल्या एकोणचाळीस बरण्या हे त्यांचं राज्य होतं. खाली खेकडे, विंचू, बेडूक, मधे एक वटवाघूळ, आणि सगळ्यात वरच्या फळीवर नऊ साप. बरण्यांतलं औषध कमी झालं की मामा ते भरत, झाकणांच्या कडेला मेण लावत, काचा पुसत. त्या औषधाच्या वासानं आमचे डोळे चुरचुरायचे, मामांना मात्र तो वास येईनासाच झाला होता. त्यांनी लग्न केलं नव्हतं. घरी थोरली विधवा बहीण होती, तिला आम्ही सगळे ताई म्हणायचो. ती म्हणायची, "हा घरी आला की माश्यासुद्धा उंबऱ्याबाहेर थांबतात."

मी तिथे जीवशास्त्र शिकवायला लागले तेव्हा सत्तावीस वर्षांची होते. साप मला पुस्तकापुरते ठाऊक होते. मामांचं तसं नव्हतं, निदान गावाला तरी तसं वाटायचं. कुणाच्या मोरीत, अंगणात, चपलांच्या फळीत साप दिसला की माणसं मामांना गाठायची. न्हाव्याच्या दुकानात अर्धी दाढी झालेली असताना मामा प्रश्न विचारत. "रंग कसा? डोकं कसं? पट्टे कुठून सुरू झाले?" मग क्षणभर थांबून निकाल देत. "धामण आहे. तुमचे उंदीर खायला आलीय, पाहुणी समजा." लोक हसत घरी जात. ज्याला पगार कमी आणि मान त्याहून कमी, अशा माणसाला हे असं विचारलं जाणं किती मोलाचं असेल, हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

मला तिथे चार वर्षं झाल्यावर, सहामाही परीक्षा संपलेल्या आठवड्यात, दुपारी एक मुलगी प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभी राहिली. मुलगी म्हणजे चोवीसेक वर्षांची बाई. अंगात कुरिअरच्या ऑफिसचा निळा शर्ट होता.

"बाई, मी याच शाळेत होते. तुम्ही यायच्या आधी," ती म्हणाली. "सापांच्या बरण्या बघायच्या आहेत. बघू का?"

मामा खूश झाले. "बघ की! परीक्षेशिवाय आपणहून बघायला आलेली तू पहिलीच." त्यांनी स्टूल सरकवलं, खांद्यावरच्या फडक्यानं काचा पुसल्या.

ती एकेका बरणीपुढून सरकत गेली आणि सहाव्या बरणीपाशी थांबली. आत एक काळपट साप वेटोळं करून होता, अंगावर बारीक पांढरे पट्टे. लेबलवर मामांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'कवड्या. बिनविषारी.' ती इतका वेळ बघत राहिली की मी हातातल्या उत्तरपत्रिका खाली ठेवल्या.

"हाच," ती म्हणाली. "म्हणजे मी बरोबर ओळखला होता."

"शाब्बास," मामा म्हणाले. "काय ओळखलं होतंस?"

मग तिनं सांगितलं. आवाज जराही चढवला नाही.

चार महिन्यांपूर्वी संध्याकाळी तिच्या नवऱ्याला अंगणात धुण्याच्या दगडामागे एक साप दिसला. त्यानं काठी उचलली. ती आतून धावत आली आणि म्हणाली, मारू नका, कवड्या आहे, शाळेत शिकलेय मी. बघा, याचे पट्टे मानेपासून सुरू होत नाहीत, बरेच मागे सुरू होतात. मानेपासून पट्टे असले तर मण्यार. हा बिनविषारी. नवरा हसला होता. "मास्तरीणबाई सांगतात म्हणजे सोडायलाच हवा," म्हणाला आणि काठी टाकून दिली. साप विटांच्या ढिगात शिरला. तिसऱ्या दिवशी पहाटे नवरा पोट दुखतंय म्हणून उठला. तो उकाड्यामुळे जमिनीवर झोपला होता. बाहेरचं काही खाल्लंय का, असं सासूनं विचारलं. उजाडेपर्यंत त्याच्या पापण्या जड झाल्या, मग त्याला थुंकी गिळता येईना. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, घरात साप दिसला होता का. ती म्हणाली, दिसला होता, पण तो बिनविषारी होता. दुपार व्हायच्या आत नवरा गेला. दंशाची खूण शोधून शोधून सापडली, कोपराजवळ, मुंगी चावल्यासारखी.

"दवाखान्याच्या भिंतीवर सापांचा तक्ता होता," ती म्हणाली. "त्यात उलटं होतं. मला वाटलं, दुःखात मलाच काहीतरी चुकीचं आठवत असेल. म्हणून बघायला आले. नाही, मला बरोबर आठवत होतं."

पदर सावरावा तशी तिनं खांद्यावरची पर्स सावरली, "येते मामा," म्हणाली आणि गेली. आम्ही दोघांनीही तिला थांबवलं नाही.

मामांनी सहावी बरणी खाली उतरवली. मेण खरवडलं, चिमट्यानं साप बाहेर काढून पांढऱ्या ट्रेमध्ये सरळ केला. तो ताठ होता, सरळ होत नव्हता. मी कपाटातलं जाडजूड पुस्तक उघडलं आणि वाचून दाखवलं. मण्यारीच्या पाठीच्या मधोमध खवल्यांची एक रांग असते, ते खवले इतरांपेक्षा मोठे, षटकोनी असतात. पट्टे डोक्यापासून काही अंतर सोडून सुरू होतात, बहुधा जोडीजोडीनं. कवड्याचे पट्टे मानेपासूनच असतात आणि शेपटीकडे फिके होत जातात, पाठीवर मोठे खवले नसतात. मामांनी भिंग धरलं. बराच वेळ धरून होते. मग त्यांनी सातवी बरणी काढली. तिच्यावर लिहिलं होतं, 'मण्यार. अतिविषारी.' तो साप त्यांनी पहिल्याशेजारी ठेवला आणि भिंग माझ्या हातात दिलं.

मोठे खवले सहाव्या बरणीतल्या सापाला होते, सातव्या बरणीतल्याला नव्हते.

"अक्षर माझं आहे," मामा म्हणाले.

नऊ वर्षांपूर्वी छत गळून लेबलं भिजली होती. रंगकामासाठी बरण्या खाली काढून ओळीनं मांडल्या होत्या आणि मामांनी रात्रीत बसून सगळी लेबलं नव्यानं लिहिली होती, कुणी सांगितलेलं नसताना. दोन काळे साप शेजारी शेजारी होते. दोन लेबलं इकडची तिकडे झाली. त्याआधी खरा फरक त्यांना माहीत होता का? त्यांनी खूप आठवून पाहिलं. आठवेना. नऊ वर्षं स्वतःच्याच लेबलावरून ते शिकले होते आणि गावाला शिकवत होते. ही गोष्ट त्यांना पुढे सगळ्यात जास्त खात राहिली.

आणि मी? कॉलेजची वही मी त्या दिवशी माळ्यावरून काढली. त्यात माझ्याच हातानं लिहिलेला फरक होता, लाल शाईनं अधोरेखित केलेला. चार वर्षं मी वर्गाला ती बरणी दाखवली होती आणि एकदाही तिच्याकडे पाहिलं नव्हतं.

मुख्याध्यापकांनी सगळं ऐकून घेतलं, दार लावून घेतलं आणि म्हणाले, "लेबलं बदला आणि विषय संपवा. झाल्या गोष्टीचा डंका पिटून गेलेला माणूस परत येणार आहे का?"

लेबलं मी बदलली. मामांनी पुन्हा त्या शाळेत लेखणी हातात धरली नाही.

त्यानंतरचे महिने ताई मला सांगायची. मामा जेवताना मिठाचा डबा उघडून चाखून बघत. डब्यावर मीठ लिहिलेलं होतं, आत मीठ दिसत होतं, तरी चाखत. मग साखर चाखत. "उद्या मलाही चाखून बघेल, बहीणच आहे ना म्हणून," ती म्हणाली. हसली, पण डोळ्यांना पदर लावला. बागेतला पाण्याचा पाइप, दोरीवरचा पट्टा, ताईची उशीवर पडलेली वेणी, कशाहीपुढे मामा थबकत. एकदा भरदुपारी रस्त्यात उभे राहून एका पोराच्या दप्तराच्या काळ्यापांढऱ्या बंदाकडे बघत होते. मी हाक मारली तर म्हणाले, "बाई, पट्टे कुठून सुरू होतात हो?" मी त्यांना हाताला धरून घरी सोडलं. न्हाव्याकडे जाणं त्यांनी बंद केलं. सापाचं कुणी विचारलं तर "मला नाही सांगता येत" एवढंच म्हणत. लोकांना वाटलं, म्हातारपणी शिष्टपणा आला.

एका सोमवारी ते मला म्हणाले, "नववीचे जुने हजेरीपट काढून द्या. नऊ वर्षांचे."

"कशाला?"

"त्या सगळ्यांच्या डोक्यात माझं लेबल आहे."

नऊ वर्षांची मिळून तीनशे छप्पन्न नावं निघाली. मामांनी जाड कागदावर दोन साप शेजारी शेजारी काढून घेतले, चित्रकलेच्या शिक्षकांकडून, आणि खालची नावं माझ्याकडून लिहून घेतली. मग ते घरोघर जायला लागले. रविवारी मीही जायचे. बेल वाजवायची, दार उघडलं की मामा सुरुवात करायचे, "नववीत सापांच्या बरण्या पाहिल्या होत्यास ना? त्यातल्या दोन चुकीच्या होत्या. चूक माझी."

गॅरेजवाला एक जण हात पुसत म्हणाला, "मामा, मला नववीतलं फक्त तुम्ही दिलेला चहा आठवतोय. चाचणी परीक्षेत पोटात गोळा आला होता तेव्हा." मामांनी तरी त्याला चित्र दाखवलं, दोनदा म्हणवून घेतलं. एका मुलीनं तिच्या लहान लेकराला उचलून आणलं आणि तिघांनी मिळून पट्टे मोजले. एकीच्या वडिलांनी दार लावून घेतलं, त्यांना वाटलं काहीतरी विकायला आलेत. परगावी गेलेल्यांना पत्रं गेली, फोन झाले. जाताना मामा प्रत्येकाला एकच सांगत. "ओळखायला जाऊ नका. लांब व्हा, त्याच्यावर नजर ठेवा, पकडणाऱ्याला बोलवा. आणि चावल्याचा नुसता संशय आला तरी दवाखाना." हे सांगणाऱ्या माणसाची हयात ओळखायला शिकवण्यात गेली होती.

यादीतला एक जण स्वतःच साप पकडणारा निघाला. सगळे त्याला सर्पमित्र म्हणत. त्याच्या अंगणात खुर्च्या टाकून आम्ही बसलो. मामांनी वाक्य सुरू केलं आणि तो मान खाली घालून बसला.

"मला माहीत आहे मामा," तो म्हणाला. "पाच वर्षांपूर्वी पहिली मण्यार पकडली तेव्हाच कळलं. तुमची बरणी उलटी आहे ते."

"मग?" मी विचारलं.

"शाळेत येऊन सांगणार होतो. पुढच्या आठवड्यात जाऊ, पुढच्या आठवड्यात जाऊ म्हणता म्हणता राहून गेलं."

मी काहीतरी बोलणार होते. मामांनी माझ्या हातावर हात ठेवला. मामा उठले आणि त्याच्या पाठीवर थोपटून म्हणाले, "आता तू आमच्याबरोबर ये." तो आला. पुढचे सगळे रविवार आला.

एक घर मात्र मामा टाळत होते. कुरिअरवाल्या मुलीचं. तिला शोधून एकदा ऑफिसात भेटले होते, तिच्या टेबलापुढे उभं राहून माफी मागितली होती. ती म्हणाली होती, "मामा, माझ्यासाठी काही करू नका. सासूबाईंना फक्त सांगा. त्या रोज म्हणतात, तुझ्या शहाणपणानं माझा मुलगा गेला."

हे ऐकून तीन महिने झाले होते. शेवटी एका शनिवारी दुपारी मामा मला घेऊन निघाले. बैठं घर होतं, मागे लांबट अंगण. म्हातारी ओट्यावर शेंगा सोलत बसली होती. मामा पायरीवर खाली बसले आणि सगळं सांगितलं, छत गळण्यापासून. म्हातारीचे हात थांबले नाहीत. शेंगा संपल्यावर ती म्हणाली, "म्हणजे हिचं चुकलं नव्हतं."

"नाही. तिनं शिकवलेलं तंतोतंत लक्षात ठेवलं होतं."

"बरं." तिनं फोलपटं पदरात गोळा केली. "मग आता मी कुणाला बोलू?"

मामा म्हणाले, "मला बोला."

तिनं त्यांच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. "शनिवारी या," म्हणाली.

आणि मामा शनिवारी जाऊ लागले. पहिले काही शनिवार ती खरंच बोलली. तोंडाला येईल ते. तुमचा हात झडला का नाही म्हणाली, तुम्हाला मूल नाही, तुम्हाला काय कळणार म्हणाली. मामा पायरीवर बसून ऐकत. मी एकदा म्हटलं, नका जाऊ. ते म्हणाले, "बाई, आठवड्यातले ते दोनच तास मला शांत वाटतं." हळूहळू तिचे शब्द संपत गेले. मग ती मुलाबद्दल सांगू लागली. तो लहानपणी तोतरा बोलायचा. लग्नानंतर मागे एक खोली बांधायची म्हणून त्यानं विटा आणून रचल्या होत्या. त्या विटांना ती कुणाला हात लावू देत नव्हती. सून कामावरून येऊन दोघांना पाणी द्यायची आणि दाराला टेकून ऐकायची. सुनेला टोमणे मारणं बंद झालं होतं. दोघी आता एका ताटात जेवतात, असं ताईनं कुठूनतरी ऐकलं.

वर्ष उलटून गेल्यावरच्या एका शनिवारी मीही गेले होते. म्हातारीनं मामांना आत बोलावलं आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी पुढे ठेवलं. सापाची कात होती, जवळजवळ अख्खी.

"दगडामागे सापडली," ती म्हणाली. "कशाची आहे, सांगा."

मामा भिंतीला टेकले. "मला नाही सांगता येत. सर्पमित्राला बोलवू."

"त्याला बोलवाच. पण आधी तुम्ही सांगा."

"माझ्यावर कसा विश्वास ठेवता तुम्ही?"

"तुमच्याइतकं घाबरून दुसरं कोण बघणार आहे?" म्हातारी म्हणाली. "सांगा. मला आज रात्री या घरात पाय खाली ठेवायचा आहे."

मामांनी खिशातून भिंग काढलं. ते त्यांनी कधीपासून जवळ ठेवलं होतं, मला माहीत नाही. सुनेनं खिडकी उघडून उजेड केला. मामांनी कात हातावर पसरली. डोक्याकडून शेपटीकडे गेले, पुन्हा डोक्याकडे आले. कपाळावरून घाम ओघळला तो पुसला नाही. तिसऱ्यांदा पाहिलं. मग माझ्याकडे भिंग न देता, कुणाला काही न विचारता ते म्हणाले, "मधली रांग मोठी आहे. सहा कोनांची. मण्यार आहे, आणि अजून इथेच असेल."

सर्पमित्र तासाभरात आला. म्हातारीनं विटांकडे बघितलं आणि मान हलवली. आम्ही चौघं अंगणाच्या टोकाला उभे राहिलो. तो हातमोजे घालून एकेक वीट आकड्यानं सरकवत होता आणि म्हातारी ओठ हलवत होती, जशी प्रत्येक वीट कुणाच्या हातची ते तिला ठाऊक होतं. खालच्या दुसऱ्या थरात साप होता. चकचकीत काळा, जिवंतपणी इतका सुंदर असतो हे मला ठाऊक नव्हतं. पट्टे मानेपासून बरेच मागे सुरू होत होते. त्यानं डोकं अंगाच्या वेटोळ्याखाली लपवलं होतं.

सर्पमित्रानं त्याला पारदर्शक डब्यात घेतलं, झाकण घट्ट केलं. सून पुढे झाली आणि वाकून बघत राहिली.

"एवढासा," ती म्हणाली.

म्हातारीनं विचारलं, "हाच का रे तो?"

"सांगता येत नाही आजी," सर्पमित्र म्हणाला. "हाच असेल, दुसरा असेल. सगळे सारखेच दिसतात."

म्हातारी आत गेली. पुढच्या आठवड्यात तिनं विटा शेजारच्या गवंड्याला देऊन टाकल्या आणि अंगण साफ करून घेतलं. सुनेनं नंतर बदली मागून घेतली आणि सासूला बरोबर घेऊन दुसऱ्या गावी गेली. जाताना मामांना सांगायला दोघी घरी आल्या होत्या. म्हातारी ताईशीच बोलत बसली. मामांशी एक शब्द बोलली नाही, निघताना मात्र त्यांच्या हातावर एक पेरू ठेवला.

मामा आता निवृत्त झालेत. न्हाव्याकडे पुन्हा जातात, पण तिथे कुणी सापाचं विचारत नाही. यादीतली अकरा माणसं कधी सापडली नाहीत. घरं बदललेली, नावं बदललेली, एक कुठे परदेशात. त्यांच्या डोक्यात ते लेबल अजून असेल, त्यांच्या अंगणातही असेल काहीतरी. मामा त्यांना शोधल्यावाचून बसस्टॉपवरही उभे राहू शकत नाहीत. परवा आम्ही दोघं बसची वाट बघत होतो. शेजारी पंचविशीतला एक माणूस हातात हेल्मेट घेऊन उभा होता. मामा थोडे त्याच्याकडे सरकले.

"शाळा कुठली तुझी?" त्यांनी विचारलं.

त्यानं नवल वाटून दुसऱ्याच एका शाळेचं नाव सांगितलं.

"बरं झालं," मामा म्हणाले. त्यानं काय बरं झालं म्हणून विचारलं, तेवढ्यात बस आली आणि आम्ही चढलो.